घरी राहून सक्तीचे उपचार: आदेशाची ताकद किती, सेवेची किती?

मानसिक आजार असलेल्या एखाद्याच्या हातून गंभीर गुन्हा घडला आणि त्याने औषधं सोडली होती असं पुढे आलं, की दोन प्रश्न हमखास विचारले जातात. याला मोकळं सोडलंच कसं? आणि औषधं घेण्याची सक्ती का करत नाहीत? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर म्हणून बऱ्याच देशांनी कायदे केले आहेत. ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्यात अशी सोय १९८६ पासून आहे. न्यूयॉर्क राज्यात ती १९९९ साली, भुयारी रेल्वेच्या फलाटावर झालेल्या एका हत्येनंतर आली आणि मारल्या गेलेल्या तरुणीच्या नावावरून 'केंड्राज लॉ' म्हणून ओळखली गेली. पुढे कॅनडातला ओंटारिओ प्रांत (२०००), कॅलिफोर्निया (२००२), स्कॉटलंड (२००५), इंग्लंड आणि वेल्स (२००८) असे कायदे होत गेले.

गंमत अशी, की या कायद्यांचे समर्थक आणि विरोधक एकच चूक करतात. दोघांनाही वाटतं की आता सरकारी माणसं घरी येऊन रुग्णाला धरून औषध देणार. एकाला ते हवं असतं, दुसऱ्याला त्याची धास्ती असते. प्रत्यक्षात इंग्लंड किंवा न्यूयॉर्कच्या कायद्यात तसं काही नाही.

मग आदेशात असतं तरी काय?

स्किझोफ्रेनिया किंवा तीव्र बायपोलर आजाराचा माणूस फार बिघडला, स्वतःच्या किंवा इतरांच्या जिवाला धोका झाला, तर त्याला इच्छेविरुद्ध रुग्णालयात ठेवता येतं. अशी तरतूद बहुतेक देशांत आहे. तिथे औषधं लागू पडतात, भास आणि संशय ओसरतात, झोप लागते, माणूस घरी येतो. खरी अडचण पुढे आहे. काही आठवड्यांत औषध सुटतं, काही महिन्यांनी आजार उलटतो आणि पुन्हा तीच ओढाताण करून त्याच वॉर्डात. ज्यांचं असं आत-बाहेर वारंवार झालं आहे, त्यांच्यासाठी कायद्याने मधली वाट काढली: घरी राहा, पण ठरलेल्या अटींवर. या लेखात तिला 'उपचार-आदेश' म्हणू.

इंग्लंडमध्ये हा आदेश कोर्ट काढत नाही. उपचारांची जबाबदारी असलेला डॉक्टर तो काढतो आणि खास प्रशिक्षण घेतलेल्या दुसऱ्या व्यक्तीची, बहुधा एखाद्या सोशल वर्करची, त्यावर लेखी संमती लागते. रुग्ण आधीच सक्तीने रुग्णालयात दाखल असावा लागतो. रस्त्यावरून किंवा घरातून थेट कुणावर आदेश बजावता येत नाही. पहिली मुदत सहा महिने, मग आणखी सहा महिने, त्यानंतर एकेक वर्ष. रुग्णाला स्वतंत्र न्यायाधिकरणाकडे दाद मागता येते. न्यूयॉर्कमध्ये मात्र न्यायाधीश आदेश देतो आणि त्यासाठी रुग्णाचा इतिहास पाहिला जातो. उपचार टाळल्यामुळे गेल्या ३६ महिन्यांत किमान दोनदा रुग्णालयात किंवा तुरुंगातल्या मनोविकार विभागात जावं लागलेलं असलं पाहिजे, नाहीतर गेल्या ४८ महिन्यांत गंभीर हिंसा किंवा तसा प्रयत्न झालेला असला पाहिजे.

अटी साध्या असतात. ठरल्या दिवशी दवाखान्यात यायचं, इंजेक्शन किंवा गोळ्या घ्यायच्या, नर्स घरी आली तर भेटायचं, कधी ठरावीक पत्त्यावर राहायचं. अटींनाही हद्द आहे. 'घराबाहेर पडायचं तर सोबत कुणीतरी हवंच' अशा अटी घालून माणसाला कोंडून ठेवता येत नाही, असं ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये वेल्समधल्या एका प्रकरणात स्पष्ट केलं.

अट मोडली तर पोलीस येऊन सुई टोचतात का?

नाही. इंग्लंडमध्ये आदेशाचं मुख्य हत्यार म्हणजे रुग्णालयात परत बोलावण्याचा हक्क. आणि एक इंजेक्शन चुकलं म्हणून तोही वापरता येत नाही. रुग्णाला रुग्णालयातल्या उपचारांची गरज आहे आणि परत आणलं नाही तर त्याला किंवा इतरांना अपाय होईल, असं डॉक्टरला वाटलं पाहिजे. अपवाद दोनच अटींचा, त्या प्रत्येक आदेशात असतात: मुदत वाढवण्यासाठी होणाऱ्या तपासणीला आणि औषधांवर दुसऱ्या डॉक्टरचं मत घेण्यासाठी हजर राहणं. त्या मोडल्या तर तेवढ्यावरही बोलावता येतं.

बोलावणं लेखी द्यावं लागतं. हातात दिलं तर ते तत्क्षणी लागू होतं. घराच्या पत्त्यावर ठेवलं, तर दुसरा दिवस सुरू होतो तेव्हापासून. माणूस आला नाही तर त्याला आणता येतं, पण दार उघडलं नाही तर आत शिरायला न्यायदंडाधिकाऱ्याचं वॉरंट लागतं. रुग्णालयात पोचल्यापासून ७२ तास मोजायचे. तेवढ्या वेळात तपासणी होते, गरज असल्यास तिथे, रुग्णालयात, नकार असतानाही औषध देता येतं. ७२ तासांच्या आत ठरवायचं: घरी सोडायचं आणि आदेश चालू ठेवायचा, की आदेश रद्द करून पुन्हा सक्तीने दाखल करायचं. दाखल केलं तर प्रकरण आपोआप न्यायाधिकरणाकडे जातं, रुग्णाने अर्ज केला नसला तरी.

घरी, भानावर असलेल्या आणि नकार देणाऱ्या रुग्णाला जबरदस्तीने औषध देण्याचा अधिकार कुणालाही नाही. निर्णय घेण्याची समज हरपली असेल आणि प्रसंग तातडीचा असेल, तेवढाच अपवाद. न्यूयॉर्कमध्येही रुग्णाने आदेश पाळला नाही तर त्याला ७२ तासांपर्यंत तपासणीसाठी रुग्णालयात नेता येतं. पण आदेश मोडणं हा कोर्टाचा अवमान धरला जात नाही. म्हणजे तुरुंग नाही, दंड नाही. पॅरोलशी याची तुलना करतात ती इथे तुटते.

माणूस औषध सोडतोच का?

'त्याला आजार आहे हेच पटत नाही' हे पहिलं उत्तर आणि ते बऱ्याच जणांच्या बाबतीत खरं आहे. स्किझोफ्रेनियात आजाराचं भान जाणं हे आजाराचंच लक्षण असू शकतं, हट्ट नव्हे. पण सगळं त्याच खात्यावर टाकणं चुकीचं. औषधांनी वजन वाढतं, अंग जड होतं, हात थरथरतात, एका जागी बसवत नाही अशी तगमग होते, लैंगिक इच्छा मंदावते. या तक्रारी खऱ्या असतात आणि डोस कमी करून किंवा औषध बदलून बऱ्याचदा कमी होतात. ज्याच्या तक्रारी कुणी ऐकून घेतल्या नाहीत, त्याने गोळी थुंकली तर आश्चर्य कसलं?

आणखी एक गोष्ट घरच्यांच्या सहसा लक्षात येत नाही. औषध बंद केल्यावर आजार दुसऱ्या दिवशी उलटत नाही. कित्येक आठवडे, कधी काही महिने बरे जातात. दुष्परिणाम मात्र लवकर कमी होतात. सुरुवातीला माणसाला खरंच हलकं वाटतं आणि 'बघा, काही झालं का?' असं तो म्हणतो. पहिल्या झटक्यातून सावरलेल्या स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांचा न्यूयॉर्कमध्ये पाच वर्षं पाठपुरावा झाला होता (अहवाल १९९९). त्यात औषध थांबवणाऱ्यांमध्ये आजार उलटण्याचा धोका जवळजवळ पाचपट दिसला.

म्हणून उपचार-आदेश बहुधा दीर्घकाळ टिकणाऱ्या इंजेक्शनांच्या जोडीने येतात. हॅलोपेरिडॉल डेकॅनोएट साधारण चार आठवड्यांनी द्यायचं. पॅलिपेरिडोनचं मासिक इंजेक्शन सुरू करताना पहिल्या दिवशी १५० मिलिग्रॅम, आठव्या दिवशी १०० आणि मग महिन्याला एक. रिस्पेरिडोनचं दोन आठवड्यांनी द्यायचं जुनं इंजेक्शन सुरू केलं तर पहिले तीन आठवडे गोळ्याही चालू ठेवाव्या लागतात, कारण औषध रक्तात उतरायला तेवढा वेळ घेतं. गोळ्या लगेच बंद केल्या आणि दोन आठवड्यांत रुग्ण बिघडला, तर दोष इंजेक्शनचा नसतो. ओलान्झापिनचं दीर्घ इंजेक्शन दिल्यावर रुग्णाला तीन तास नजरेखाली ठेवावं लागतं, कारण क्वचित ते एकदम रक्तात शिरून गुंगी येते.

इंजेक्शनचा खरा फायदा असा, की चुकलेला डोस लपत नाही. गोळी घेतली की नाही हे कुणालाच नक्की माहीत नसतं. इंजेक्शनला माणूस आला नाही हे नर्सला त्याच दिवशी कळतं आणि औषध अंगात असेपर्यंत त्याला गाठायला काही दिवस हाताशी असतात.

या उपायाची मर्यादाही इथेच आहे. इतर औषधांनी दाद न देणाऱ्या स्किझोफ्रेनियात क्लोझापिन हे सर्वात उपयोगी औषध. त्याचं असं महिन्यातून एकदा द्यायचं इंजेक्शन वापरात नाही. गोळी रोज घ्यावी लागते, रक्ततपासणी नियमित करावी लागते (ब्रिटनमध्ये पहिले १८ आठवडे दर आठवड्याला) आणि ४८ तासांपेक्षा जास्त खंड पडला तर पुन्हा १२.५ मिलिग्रॅमपासून हळूहळू चढवावं लागतं. म्हणजे ज्यांचा आजार सर्वात चिवट, त्यांच्यासाठीचं सर्वात चांगलं औषध माणसाच्या सहकार्याशिवाय देताच येत नाही.

याने फायदा होतो का?

न्यूयॉर्कच्या मानसिक आरोग्य खात्याचा २००५ सालचा अहवाल वाचला तर वाद संपल्यासारखा वाटेल. आदेशाखालच्या लोकांमध्ये मनोविकार रुग्णालयात जाणाऱ्यांचं प्रमाण ७७ टक्क्यांनी घटलं, अटक होणाऱ्यांचं ८३ टक्क्यांनी, बेघर होणाऱ्यांचं ७४ टक्क्यांनी. पण ही तुलना त्याच लोकांच्या आधीच्या काळाशी आहे आणि खोच तिथेच आहे. आदेश निघतो तो माणूस सर्वात बिघडलेला असताना. ताप १०४ वर असताना दिलेला कोणताही काढा गुणकारी ठरतो, कारण ताप त्यानंतर उतरणारच असतो. आदेशाचं श्रेय आणि आजाराच्या नैसर्गिक चढ-उताराचं श्रेय वेगळं करायचं, तर तितकेच बिघडलेले, पण आदेश नसलेले लोक सोबत मोजावे लागतात. कुणाला कोणत्या गटात टाकायचं हे चिठ्ठ्या टाकून ठरवावं लागतं. अशा अभ्यासाला यादृच्छिक चाचणी म्हणतात.

माणसाच्या स्वातंत्र्याशी संबंधित निर्णय चिठ्ठीवर सोडणं अवघड असतं, म्हणून अशा चाचण्या मोजक्याच झाल्या. नेहमी दाखला दिला जातो तो तिघींचा. न्यूयॉर्कच्या बेलव्ह्यू रुग्णालयातली (१४२ रुग्ण, अहवाल २००१), नॉर्थ कॅरोलिनातली (१९९९) आणि इंग्लंडमधली 'ऑक्टेट' (२०१३). ऑक्टेटचं चित्र सर्वात स्पष्ट. ३३३ रुग्ण, निम्म्यांना आदेश, निम्म्यांना थोड्या दिवसांची सशर्त रजा देऊन मग मोकळीक. सक्तीचा मध्यक काळ एका गटात १८३ दिवस, दुसऱ्यात ८. वर्षभरात पुन्हा दाखल झाले ते दोन्ही गटांत ३६ टक्के. फरक शून्य.

बेलव्ह्यूतही फरक दिसला नाही. पण तिथे दोन्ही गटांना सारखीच वाढीव सेवा मिळत होती: पाठपुरावा करणारा माणूस, घरभेटी, निवाऱ्याची मदत. नॉर्थ कॅरोलिनातही एकूण गटांत फरक नव्हता. मात्र ज्यांचा आदेश सहा महिने किंवा जास्त चालला आणि ज्यांना महिन्यातून अनेकदा सेवा मिळाली, त्यांचं पुन्हा रुग्णालयात दाखल होणं घटलं. हे शेवटचं निरीक्षण जपून वापरायला हवं. आदेश किती काळ चालवायचा हे चिठ्ठीने ठरलं नव्हतं, त्यामुळे मुळात सुधारण्याची शक्यता असलेल्यांचाच आदेश लांबला असणं शक्य आहे. शिवाय हिंसेचा ताजा इतिहास असलेल्यांना नैतिक कारणाने चिठ्ठीतून वगळावं लागलं. ज्यांच्यासाठी हे कायदे होतात त्यांच्याबद्दल चाचण्या फार बोलत नाहीत, हा समर्थकांचा आक्षेप रास्त आहे.

तरी तिन्ही चाचण्या शेजारी ठेवल्या की एक गोष्ट दिसते. दोन्ही गटांना सेवा सारखी दिली, तर आदेशाच्या कागदाने त्यात फारशी भर पडत नाही. मग न्यूयॉर्कमध्ये लोक सुधारले ते कशाने? तिथे कायद्याबरोबर पैसा आला. आदेश राबवायला वर्षाला सुमारे ३.२ कोटी डॉलर आणि सामुदायिक सेवा वाढवायला आणखी साडेबारा कोटी डॉलर. आदेशाखालच्या माणसाला केस मॅनेजर मिळतो, निवाऱ्याच्या रांगेत तो पुढे येतो, त्याची भेट चुकली तर कुणीतरी उत्तरदायी असतं. आदेश रुग्णाला बांधतो त्याहून जास्त यंत्रणेला बांधतो. आता यंत्रणेला हलवण्यासाठी रुग्णावर सक्ती करावी का, हा प्रश्न उरतोच. आमचं मत असं, की सेवा नसताना आदेश काढणं हा निव्वळ धाक आहे, आणि सेवा भरपूर असेल तर आदेशाची गरज फार थोड्यांना लागते.

"एक खून टळला तरी पुरे आहे"

भावना समजण्यासारखी आहे, हिशेब जुळत नाही. समजा, वर्षाला हजारात एक रुग्ण गंभीर हिंसा करणार आहे आणि त्याला ९० टक्के अचूक ओळखणारी कसोटी आपल्याकडे आहे. एवढी चांगली कसोटी कुणाकडेच नाही, पण धरून चालू. दहा हजार रुग्णांत असे दहा जण असतील, त्यातले नऊ सापडतील. उरलेल्या ९,९९० मधले ९९९ चुकून 'धोकादायक' ठरतील. म्हणजे १,००८ जणांवर सक्ती, त्यातल्या नऊ जणांसाठी. आणि त्या नऊ जणांच्या बाबतीत आदेश पाळला जाईल ही खात्री कुठे आहे?

वैद्यकीय चाचण्यांचे निष्कर्ष एकत्र तपासणाऱ्या 'कॉक्रेन' या संस्थेच्या २०११ मधल्या आढाव्यात हिशेब असा होता: एक पुनर्दाखला टाळायला ८५ आदेश, एकाचं बेघर होणं टाळायला २७, एक अटक टाळायला २३८. एक वेगळाच फायदा मात्र दिसला. नॉर्थ कॅरोलिनाच्या चाचणीत आदेशाखालच्या लोकांवर गुन्हा होण्याचं, म्हणजे त्यांना कुणी लुटण्या-मारण्याचं प्रमाण जवळजवळ निम्मं होतं. गंभीर मानसिक आजाराचे लोक इतरांना मारतात त्यापेक्षा मार खातात जास्त, हे बातम्यांतून कळत नाही.

"हा स्वातंत्र्यावर घाला नाही का?"

आहे. प्रश्न तो कधी समर्थनीय ठरतो हा आहे. कळीचा मुद्दा निर्णयक्षमता: उपचारांची माहिती समजणं, नकाराचे परिणाम उमगणं, आपला निर्णय सांगता येणं. मधुमेहाच्या रुग्णाने इन्सुलिन नाकारलं तर आपण समजावतो, धरून टोचत नाही. मानसिक आजारात नियम वेगळा का? स्कॉटलंडच्या कायद्यात निर्णयक्षमता आजाराने लक्षणीय खालावलेली असणं ही अट आहे. नॉर्वेने २०१७ मध्ये कायदा बदलून, जिवाला गंभीर धोका वगळता, निर्णयक्षम रुग्णाचा नकार मान्य केला. इंग्लंडमध्ये मात्र उपचार-आदेशाचा कायदा झाला तेव्हा ही कसोटी ठेवलीच नाही. पूर्ण भानावरच्या माणसावरही आदेश निघू शकतो.

संयुक्त राष्ट्रांच्या २००६ मधल्या अपंग व्यक्तींच्या हक्कांच्या करारावर देखरेख करणारी समिती याहून पुढे जाते. तिच्या २०१४ च्या भाष्यानुसार मानसिक आजाराच्या आधारावर सक्तीचे उपचार कराराशी विसंगत आहेत. बहुतेक सरकारं इतकं टोक गाठायला तयार नाहीत.

सक्ती कुणाच्या वाट्याला येते, हेही पाहायला हवं. इंग्लंडच्या कायद्याचा २०१८ मध्ये स्वतंत्र आढावा झाला, तेव्हा कृष्णवर्णीयांवर असे आदेश निघण्याचं प्रमाण गोऱ्यांच्या आठपटीहून अधिक आढळलं. आजाराच्या प्रमाणातल्या फरकाने एवढी तफावत समजावता येत नाही.

प्रत्यक्षात कुठे बिनसतं?

बोलावणं निघतं पण रुग्णालयात खाट नसते. एकदा असं झालं की धाकही जातो आणि विश्वासही. अटींची यादी लांबते. दारू नको, अमक्याला भेटू नको, रात्री नऊच्या आत घरी. यातल्या निम्म्या अटी कुणी तपासत नाही आणि मोडल्या तर करण्यासारखं काही नसतं. डॉक्टर बदलतो, नव्याला जुन्या दुष्परिणामांची माहिती नसते, डोस तसाच चालू राहतो. आणि सगळ्यात चिवट गाठ: रुग्ण ठीक असेल तर 'आदेश काम करतोय, चालू ठेवा', बिघडला तर 'आदेश हवाच, चालू ठेवा'. मग तो संपणार कधी? म्हणून आदेश काढतानाच लिहून ठेवायला हवं की काय दिसलं तर तो उठवायचा: अमुक इतके महिने इंजेक्शन चुकलं नाही, बिघाडाच्या पहिल्या खुणा रुग्ण स्वतः ओळखतो, आणीबाणीत कुणाला फोन करायचा हे ठरलं आहे.

भारतीय कायद्यात अशी सोय आहे का?

नाही. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ मध्ये घरी राहणाऱ्या रुग्णावर सक्तीचा उपचार-आदेश हा प्रकारच नाही. कलम ८९ खाली, नामनिर्देशित प्रतिनिधीच्या (रुग्णाच्या वतीने निर्णयात मदत करायला नेमलेल्या व्यक्तीच्या) अर्जावरून, रुग्णाला ३० दिवसांपर्यंत दाखल करता येतं. प्रतिनिधीने रुग्णाच्या वतीने संमती दिली असेल तर दर सात दिवसांनी रुग्णाची निर्णयक्षमता पुन्हा तपासावी लागते. त्यापुढच्या मुक्कामासाठी कलम ९०. कलम ९१ खाली दाखल रुग्णाला अटींवर रजा देता येते, ती इंग्लंडच्या सशर्त रजेच्या जवळ जाते. कलम ९४ खाली तातडीचे उपचार करता येतात, पण ७२ तासांपुरतेच. जेवणात गोळी मिसळून देण्याला यातल्या कुठल्याही कलमाचा आधार नाही. शिवाय त्यात डोसाचा अंदाज राहत नाही, आणि ते उघड झालं की माणूस जेवणावरही विश्वास ठेवेनासा होतो.

कायद्याने दिलेलं दुसरं साधन फारसं वापरलं जात नाही: कलम ५ खालचं ॲडव्हान्स डायरेक्टिव्ह, म्हणजे आगाऊ सूचनापत्र. माणूस भानावर असताना लिहून ठेवतो, की पुढे माझी निर्णयक्षमता गेली तर माझ्यावर कसे उपचार करावेत, कसे करू नयेत, आणि माझा प्रतिनिधी कोण. तातडीचा प्रसंग वगळता डॉक्टरला ते पाळावं लागतं. पटलं नाही तर डॉक्टर किंवा नातेवाईक मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाकडे अर्ज करू शकतात. 'आजारी पडल्यावर मी नको म्हणेन, तरी उपचार सुरू करा' असंही त्यात लिहिता येतं. लिहायची वेळ म्हणजे रुग्णालयातून घरी आल्यावरचे बरे महिने. त्यात चाललेल्या औषधाचं नाव आणि डोस असावा, ज्याने त्रास झाला ते औषध आणि तो त्रास कोणता हे असावं, आणि बिघाडाच्या आधी दिसणाऱ्या दोन-तीन खुणा, स्वतःच्या शब्दांत. एक प्रत नेहमीच्या डॉक्टरकडच्या केसपेपरला जोडून ठेवायची.